कोकण किनाऱ्यावर सॅक पाठीला लावून फिरताना स्वस्तात कुठे राहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं एसटीने, फेरीबोटीने आणि पायी फिरतो आहे. निघायच्या आधी मित्रमंडळी आणि त्यांची मित्रमंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. दर हंगामाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडे फक्त अंदाजासाठी धरा आणि फोनवर नक्की करून घ्या.

गोव्यासारखी बॅकपॅकर हॉस्टेलं कोकणात आहेत का?

थोडीफार आहेत. अलिबागच्या आसपास आणि मालवण-तारकर्लीच्या बाजूला बंक बेडच्या खोल्या मिळतात. पण हणजुणे किंवा पाळोळ्याला जशी ओळीने हॉस्टेलं दिसतात तसं इथे नाही, आणि तेच शोधत आलात तर हिरमोड होईल.

कोकणातला स्वस्त मुक्काम म्हणजे कुणाचं तरी घर. पुढे खळं, मग ओटी किंवा पडवी, मागे विहीर आणि त्यापलीकडे माड-पोफळीची वाडी. मुलं मुंबई-पुण्याला नोकरीला गेली, घर मोठं आणि माणसं दोन, म्हणून बाजूच्या दोन खोल्यांना संडास-बाथरूम जोडून त्या पाहुण्यांना दिल्या जातात. राज्य सरकारची 'निवास व न्याहारी' योजना याच पद्धतीला धरून आहे. नोंदणी केलेल्या घरांवर तशी पाटी असते. पाटी नसलेलीही बरीच घरं पाहुणे ठेवतात.

म्हणून 'स्वस्त हॉटेल कुठे मिळेल' याऐवजी 'कुणाच्या घरी जागा आहे' असं विचारायला शिकलात की अर्धं काम झालं.

पर्याय कोणते आणि साधारण किती पैसे लागतात?

सर्वांत स्वस्त म्हणजे देवस्थानांची भक्तनिवासं. तिथे काही शे रुपयांत रात्र निघते. त्यावर घरगुती खोल्या. गर्दी नसताना साधी, पंख्याची, दोघांची खोली हजारच्या आसपास मिळते, एसी असेल आणि समुद्र जवळ असेल तर दीड-दोन हजारांपर्यंत जाते. वेळाससारख्या ठिकाणी दर खोलीचा नसून माणशी असतो, त्यात चहा, नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण येतं. एकट्या माणसाला हीच पद्धत सगळ्यांत परवडते, कारण दोघांच्या खोलीचे पैसे एकट्यावर पडत नाहीत.

एमटीडीसीची (राज्य पर्यटन विकास महामंडळाची) निवासं गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर आणि हरिहरेश्वरला आहेत. जागा मोक्याच्या आहेत, पण सॅकवाल्याच्या बजेटला ती चौघांनी मिळून घेतली तरच बसतात. सरकारी विश्रामगृहांवर विसंबू नका, तिथे कामावर आलेल्या अधिकाऱ्यांना अग्रक्रम असतो.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर लॉज असतातच. रात्री उशिरा पोचणार असाल किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल तर दापोली, चिपळूण, मालवण, सावंतवाडी अशा ठिकाणी एक रात्र लॉजवर काढण्यात काही वावगं नाही. पण सुट्टी म्हणून तिथे दोन-दोन रात्री राहू नका.

घरगुती मुक्कामात नक्की काय मिळतं?

खोली, गादी, पंखा, बादलीभर गरम पाणी आणि सकाळी चहा. अनेक घरांत पाणी अजून बंबात तापतं आणि त्याला लाकडाच्या धुराचा वास असतो. गीझर हवाच असेल तर आधी विचारा.

पण त्या पलीकडे जे मिळतं त्यासाठी मी परत परत जातो. गेल्या जानेवारीत गुहागर तालुक्यातल्या एका घरी उतरलो होतो. सकाळी साडेसहाला मागच्या दारी काकू चुलीपाशी बसल्या होत्या. बिडाचा तवा तापला की अर्धा कांदा तेलात बुडवून त्या तव्यावर फिरवायच्या, चर्रर आवाज यायचा, मग तांदळाचं ताकासारखं पातळ पीठ वाटीने कडेकडेने सुरू करून मध्यापर्यंत ओतायच्या. झाकण ठेवायचं, वाफ दाबून निघाली की काढायचं. घावन जाळीदार पडलं तर त्या स्वतःशीच मान हलवायच्या, आणि नाही पडलं तर ते बाजूला, गाईच्या वाट्याला. पाहुण्याच्या ताटात जाळी न पडलेलं घावन जाणार नाही, हा त्यांचा नियम. बरोबर नारळाचा गोड रस. त्या नाश्त्याचे पैसे माझ्या बिलात वेगळे लावले नव्हते. मी विचारल्यावर म्हणाल्या, "सकाळच्या गाडीने जायचंय ना तुम्हाला, उपाशी कसे पाठवणार?"

रूम सर्व्हिस मात्र अपेक्षू नका. ही माणसं पाचला उठतात आणि दहाला झोपतात. रात्री अकराला चहा मागणं बरं नाही.

जेवण जिथे राहू तिथेच घ्यावं की बाहेर?

जिथे राहाल तिथेच. पैशाच्या हिशेबानेही हेच बरं पडतं. शाकाहारी ताट साधारण दीडशे-दोनशेत होतं आणि त्यात भात, आमटी, भाजी, पोळी किंवा तांदळाची भाकरी, सोलकढी सगळं पोटभर असतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तेवढ्यात एक डिश येते.

एकच गोष्ट सांभाळा. दुपारचं जेवण सकाळी आणि रात्रीचं जेवण दुपारी सांगून ठेवायचं. किती माणसं, मासे खाणारी किती, न खाणारी किती. घरात पाहुण्यांपुरतंच रांधतात, ऐनवेळी चार ताटं वाढली तर घरच्या बाईला स्वतःचं जेवण बाजूला ठेवून पुन्हा चूल पेटवावी लागते. हे मी पाहिलेलं आहे आणि ते पाहताना वाईट वाटतं.

मासळीच्या ताटाचा दर माशावर ठरतो. बांगडा, मोरी, सौंदाळा परवडतात. सुरमई आणि पापलेट खिसा मोकळा करतात. 'आज काय आलंय?' असं विचारा आणि जे आलंय ते खा, ते ताजंही असतं आणि स्वस्तही. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच होतो. एकदा तरी तिथे उभं राहून बघा, म्हणजे ताटाचा दर रोज वेगळा का असतो ते कळेल. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या समुद्री माशांचा आग्रह धरू नका. त्या दिवसांत खाडीची मासळी, सुकट-बोंबील, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी यांनी ताट भरतं, आणि मला विचाराल तर ते ताट पापलेटाच्या ताटाहून कमी नाही.

दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर या भागांत बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत. तिथे बाहेरून मासे आणून खोलीत खाऊ नका. मालवण-वेंगुर्ल्याकडे हा प्रश्न सहसा येत नाही.

दर कमी करून मागावा का?

एकदा विचारा, नाही म्हणाले तर सोडून द्या. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. मी निसर्गनंतर काही महिन्यांनी दिवेआगरला गेलो तेव्हा ज्या वाडीत भर दुपारी ऊन जमिनीला लागत नसे, तिथे मोकळं आभाळ होतं. पोफळी ओळीने आडव्या पडलेल्या. माड मुळासकट उपटलेले. माड किंवा पोफळ पुन्हा लावली तरी फळ हाती यायला कितीतरी वर्षं जातात. तेवढ्या काळात त्या घराला सुपारी-नारळाचं उत्पन्न नाही. राहतं काय, तर दोन खोल्या आणि शनिवार-रविवारचे पाहुणे.

आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी ताणतो ते या हिशेबातून वजा होतात. पैसे वाचवायचे तर दुसरे रस्ते आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, एसीऐवजी पंख्याची खोली घ्या, एका गावात एकऐवजी तीन रात्री राहा. तीन रात्री राहणाऱ्याला मालक बहुतेक वेळा आपणहून कमी करतात, कारण त्यांचं चादरी धुण्याचं आणि खोली झाडण्याचं काम वाचतं. तुमचाही प्रवासखर्च वाचतो. चार दिवसांत सहा किनारे करायचे म्हणणाऱ्यांचा पैसा मुक्कामापेक्षा रिक्षात जास्त जातो.

बुकिंग न करता गेलं तर जागा मिळते का?

नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, जुलै या महिन्यांत सोमवार ते गुरुवार सहज मिळते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना मिळत नाही, मिळाली तर दुप्पट दराने.

गणपती आणि शिमग्याचं गणित वेगळं आहे. तेव्हा चाकरमानी गावी येतात, घरं घरच्याच माणसांनी भरतात आणि पाहुण्यांच्या खोल्यांत मुंबईचे पुतणे-भाचे झोपतात. गाड्याही फुल. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीची तिकिटं त्याच सकाळी संपतात. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. तारीख दरवर्षी देवीला कौल लावून ठरते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवलीच्या बाजूला जागा शोधायला जाऊ नका.

ऐनवेळी जायचंच असेल तर दिवसाउजेडी पोचा. चार वाजता गावात उतरलात तर पाच घरं विचारता येतात. एसटीच्या कंडक्टरला विचारा, किराणा दुकानात विचारा, देवळाच्या बाहेर हार-नारळ विकणाऱ्या मावशींना विचारा. रात्री नऊला तेच दार वाजवलं तर घरातली माणसं बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

नावाजलेल्या गावात परवडत नाही. मग?

शेजारच्या गावात राहा. गणपतीपुळ्याऐवजी मालगुंड, तिथून पुळं पायी जाण्यासारखं आहे, आणि मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे ते वेगळंच. दापोलीच्या मुरुडऐवजी आंजर्ले, खाडीच्या त्या बाजूला, वर कड्यावरचा गणपती. तारकर्लीऐवजी आचरा, मिठबाव किंवा कुणकेश्वरची बाजू. गोव्याच्या सीमेजवळ शिरोडा, आरवली, रेडी. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे जिथे देवाला मोठमोठ्या चपला वाहतात. किनारा तोच, वाळू तीच, मोटरबोटींचा गोंगाट नाही आणि दरही खाली.

तंबू लावून किनाऱ्यावर झोपता येतं का?

कुणाच्या वाडीत, मालकाला विचारून, माणशी थोडे पैसे देऊन, हो. नागाव, रेवदंडा, काशिद या बाजूला वाडीतच तंबू लावून देणारेही आहेत. उघड्या वाळूवर, न विचारता, नको. ग्रामपंचायतीला किंवा निदान जवळच्या घराला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका.

आणि भरती समजल्याशिवाय तर नकोच. आम्ही चौघं दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री झोपलो होतो. संध्याकाळी सहाला पाणी इतकं लांब होतं की आम्ही सुरूच्या झाडांपासून बरंच पुढे, सपाट वाळूवर तंबू लावला. साडेअकराला पायाशी गार लागलं म्हणून जाग आली. तंबूचा तळ तरंगत होता. बूट, एक सॅक आणि स्टोव्ह गेला. पाणी अजून थोडं जोरात असतं तर काय, हा विचार नंतर बरेच दिवस झोपताना यायचा.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क कोळी काकांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं. कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, बघायला एक मिनिट लागतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि प्लॅस्टिकची जी रेघ दिसते ती कालच्या भरतीची खूण, तिच्या बऱ्याच वर राहा.

हाच हिशेब हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेलाही लावा. ती वाट खडकांवरून समुद्राला लागून जाते, ओहोटीतच करायची. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्या किनाऱ्यांवर रात्री शेकोटी आणि विजेऱ्या पूर्ण टाळा. उजेडाने मादी वर यायची थांबते आणि पिल्लं भलतीकडे वळतात.

एखाद्या बेटावर राहता येईल का?

बेटावरच्या किल्ल्यांवर मुक्कामाची सोय नाही. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं आणि बघून परत यायचं. अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत जाण्यासारखा, पण पाणी चढायच्या आत फिरा. मालवणचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतला. आत काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती चहूकडे खारं पाणी आणि मधे हे गोडं पाणी, ते एकदा पिऊन बघा. पर्यटकाने मात्र संध्याकाळच्या आत होडी पकडायची.

बेटावर राहिल्यासारखं वाटायला हवं तर देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. काही घरांच्या मागच्या दारातून नदी आणि पुढच्या दारातून लाटा ऐकू येतात. समुद्राच्या अगदी तोंडावरच्या खोल्या महाग, नदीच्या अंगाच्या स्वस्त. मी नदीची बाजू घेतो. पहाटे पाणी काचेसारखं शांत असतं आणि समुद्र काय, शंभर पावलांवर आहेच.

भक्तनिवासात भाविक नसलेल्यांना राहता येतं का?

येतं. गणपतीपुळे, स्वामी स्वरूपानंदांचं पावस, हेदवी, कुणकेश्वर अशा ठिकाणी सोय आहे. पण ते देवस्थान आहे हे लक्षात ठेवून राहायचं. मांसाहार नाही, दारू नाही, रात्री दार बंद होण्याची वेळ पाळायची. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, तेव्हा आधी फोन करा. सामायिक हॉल मिळाला तर स्वतःची चादर आणि छोटं कुलूप जवळ असू द्या. दुपारी महाप्रसाद असेल तर पंगतीला बसा, आणि देणगीपेटीत काही टाका.

मी एकटी मुलगी आहे. सुरक्षित आहे का?

माझ्या बहिणीने आणि तिच्या मैत्रिणींनी एकटीने हा किनारा केला आहे. त्यांचा अनुभव असा की जिथे मालक स्वतः कुटुंबासह राहतो ते घर निवडावं, व्यवस्थापकावर सोडलेला बंगला नको. फोन करताना घरातल्या वहिनींशी किंवा काकूंशी बोलायला मागा. त्या फोनवर आल्या, कुठून येणार, किती वाजता पोचणार असं विचारायला लागल्या, की घर चांगलं समजा. पोचल्यावर रात्रीच्या गाडीचे, अंधारातल्या पाखाडीचे (उतारावरच्या दगडी पायवाटेचे), कुत्र्यांचे सगळे सल्ले न मागता मिळतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

लग्न न झालेल्या जोडप्यांनाही हा प्रश्न पडतो. कायद्याची आडकाठी नाही, पण घर त्यांचं आहे. फोनवरच स्पष्ट सांगा. नको म्हणणारे असतील, पुढच्या घराला विचारा. दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं.

पावसाळ्यात गेलं तर?

दर सगळ्यांत खाली असतात आणि कोकण सगळ्यांत देखणं. पण समुद्रात उतरायचं नाही, एवढं पाळणार असाल तरच जा. गणपतीपुळ्याचा समुद्र तर एरवीही फसवा आहे, पाण्याची ओढ वरून दिसत नाही. साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत स्कूबा, बोटी, किल्ल्यांची वाहतूक बंद असते. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, गाड्यांचा वेग कमी असतो. वीज जाते, कधी रात्रभर. कपडे वाळत नाहीत, म्हणून दोनच जोड न्या पण पटकन वाळणारे. मी पावसात एकाच घरी चार रात्री राहतो, ओटीवर बसून पागोळ्या बघतो, पाऊस थांबला की पाखाडीने खाली जाऊन येतो.

साप, विंचू, डास?

आहेत. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे पठारांवर, फुरसं हा विषारी साप असतो, रंग मातीचाच, चटकन दिसत नाही. रात्री बॅटरीशिवाय अंगणातही जाऊ नका. सॅक जमिनीवर उघडी ठेवू नका, सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचवाचा दंश हलका समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. काही चावलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. घरमालकाला उठवायला संकोच करू नका, गाडी कुणाकडे आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

डासांसाठी मच्छरदाणी मागा. बहुतेक घरांत असते.

मोबाइल नेटवर्क आणि पैसे?

वरच्या सड्यावर रेंज, खालच्या वाडीत नाही, असं बऱ्याच गावांत आहे. घराचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, पण रेंजच नसेल तर तेही नाही, म्हणून दोन दिवस पुरतील एवढी रोख ठेवा. एटीएममधून पैसे तालुक्याच्या गावीच काढून घ्या. आगाऊ रक्कम मागितली तर थोडीच पाठवा, आणि आधी त्या नंबरवर प्रत्यक्ष बोला.

परदेशी मित्र बरोबर आहे. चालेल का?

चालेल, पण आधी सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाला २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. सगळ्याच घरांनी ती सोय केलेली नसते. आपल्यासाठी आधार किंवा दुसरं ओळखपत्र पुरतं.

गाडी नाही. एसटीने जमेल?

जमेल, आणि मुक्कामाची जागा त्याच हिशेबाने निवडा. कोकण रेल्वेची स्टेशनं किनाऱ्यापासून लांब आहेत. दापोलीला खेडहून, गुहागरला चिपळूणहून, मालवणला कुडाळ किंवा कणकवलीहून पुढे एसटी लागते. प्रत्येक ठिकाणी तासभर किंवा जास्त जातो.

वस्तीची गाडी हा शब्द लक्षात ठेवा. संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. ज्या गावात वस्तीची गाडी येते तिथे राहिलात तर पहाटे रिक्षासाठी पाचशे रुपये मोडावे लागत नाहीत. यजमानाला विचारा, वेळ तोंडपाठ असते. जास्त फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो.

खाड्या ओलांडायला आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत. गावचे लोक जंगलजेटी म्हणतात. पायी माणसाला तिकीट किरकोळ, आणि घाटातून वळसा घालायचे काही तास वाचतात.

पहिल्यांदाच निघतोय. चार रात्रींसाठी कुठून सुरुवात करू?

फेब्रुवारी-मार्चमधले मधल्या वाराचे दिवस धरा. रेल्वेने माणगावला उतरा, एसटीने दिवेआगर, पहिल्या दोन रात्री तिथे. सुवर्णगणेशाचं देऊळ, वाडीतली घरं आणि लांबलचक रिकामा किनारा. तिसऱ्या दिवशी सकाळी शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्रकाठचा रस्ता घ्या. एसटी किंवा सहा आसनी रिक्षा मिळाली तर खिडकी उजव्या हाताची. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याची फेरीबोट, पलीकडे वेसवी, आणि तिथून वेळास.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं आणि त्यातूनच गावात पाहुणे ठेवायची पद्धत रुजली. उरलेल्या दोन रात्री तिथे, माणशी दरात, जेवणासकट. निघण्याआधी फोन करून विचारा, कुठल्या घरट्यातून पिल्लं निघायची शक्यता आहे. ती निघतीलच असं नाही. मला तिसऱ्या खेपेला दिसली. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली तळहाताहून लहान चार पिल्लं, ओल्या वाळूने माखलेली. समुद्रापर्यंतचं वीस-पंचवीस पावलांचं अंतर त्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण कुणी बोलत नव्हतं.

परतीला वेळासहून मंडणगड किंवा दापोली, पुढे खेड स्टेशन. दुपारची गाडी असेल तर वहिनींना आदल्या रात्रीच सांगा, भाकरी आणि सुकी चटणी बांधून देतात.